इन्शिराहबाईंनी न प्यायलेला कहवा

हिलालची गाडी पुन्हा रुतली, हे झुवैनाला दिसायच्या आधी ऐकू आलं. इंजिन आधी गुरगुरलं, मग किंचाळलं, मग एकदम गप्प झालं. वाळूत गाडी घालणाऱ्याला हे तिन्ही आवाज पाठ असावे लागतात. पहिल्याला सावध व्हायचं, दुसऱ्याला गॅसवरचा पाय काढायचा, आणि तिसरा आलाच तर खाली उतरून फावडं शोधायचं. हिलाल नेहमी तिसऱ्या आवाजाला सावध होई.

झुवैना पाण्याची पिंपं घेऊन तळाकडे निघाली होती. तिनं पिकअप वळवली आणि टेकडीच्या पाठीवरून आवाजाच्या दिशेनं घातली. बिदियाच्या वाळवंटात बायकांनी पिकअप चालवण्याचं कुणाला काही वाटत नाही. बकऱ्यांचा चारा, पाणी, सरपण, कुणाची अडलेली बाळंतीण, सगळं बायकाच वाळूतून ने-आण करतात. पण थानीकाकांच्या लेखी पिकअप वेगळी आणि पाहुण्यांची गाडी वेगळी. पाहुण्यांची गाडी म्हणजे बाबांची पांढरी लँडक्रूझर.

बाबा उन्हाळ्यात गेले, खजूर उतरायच्या दिवसांत. त्यांच्या पश्चात संध्याकाळच्या सफरींचा कारभार धाकट्या भावाकडे, थानीकाकांकडे आला. गावाच्या कडेला पाहुण्यांना गाडीत घ्यायचं, टेकड्यांवरून वरखाली करत तळावर आणायचं, कहवा पाजायचा, मग मोठ्या टेकडीवर सूर्य बुडताना दाखवायचा आणि जेवू घालून परत सोडायचं. झुवैनाला ती गाडी हवी होती. विकत नको, नावावर नको. फक्त रोज संध्याकाळी तिच्या स्टिअरिंगमागे बसायला हवं होतं. तिनं काकांना हे पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं होतं. काका दर वेळी तिच्या हातावर हलव्याचा तुकडा ठेवत आणि म्हणत, "तू सैफची लेक. सैफच्या माघारी तुला परक्यांची सारथी केली, तर लोक म्हणतील, थानीनं भावाची पोर राबायला लावली." रागानं नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. हलवा खाताना भांडता येत नाही.

आज हंगामातले पहिले पाहुणे होते. हिलालनं, म्हणजे काकांच्या मुलानं, आजची संध्याकाळ नीट पार पाडली तर गाडी त्याच्याकडे. नाही तर इब्राच्या एका व्यापाऱ्याला ती विकून टाकायची, असं काकांनी ठरवलं होतं. दोन्हींत झुवैना कुठेच नव्हती.

टेकडीच्या पलीकडे गाडी दारापर्यंत वाळूत बसली होती. पांढरेशुभ्र बूट घातलेला एक तरुण मागून गाडी ढकलत होता. म्हणजे गाडी जागची हलत नव्हती आणि तो मात्र मागे मागे सरकत होता. एक तरुणी फोनवर त्याचं चित्रण करत होती आणि हसून हसून फोन हलवत होती. समोरच्या सीटवर एक भरदार बाई, मांडीवर पर्स घेऊन, राज्याभिषेकाला बसावं तशी बसली होती. गाडीच्या दाराखालून हिलालचे फक्त पाय दिसत होते.

"काय रे, झोपलास का?" झुवैनानं खिडकीतून विचारलं.

पाय आखडले. हिलाल बाहेर आला. भुवयांपर्यंत वाळू.

"इंजिन तापलं म्हणून जरा थांबलोय."

"हो, चाकंही अगदी मांडी घालून थांबलीत."

"माझ्या बाबांना सांगू नकोस."

"सांगायला कशाला हवं? तुझ्या कानातून वाळू सांडतेय, तीच सांगेल."

गाडीतल्या बाई खदाखदा हसल्या. मग त्यांनी पर्स खांद्याला लावली, दार ढकलून उघडलं आणि घोट्यापर्यंत वाळूत उतरल्या.

"मी इन्शिराह. कैरो, शुब्रा, औषधांचं दुकान. हा माझा मुलगा रऊफ, तो बूट धुवायला लागतील म्हणून रडतोय. ही त्याची नवी बायको शाहिनाज. यांच्या मधुचंद्राला मी आलेय."

"आई, हे प्रत्येकाला सांगायलाच हवं का?" रऊफ म्हणाला.

"लोक विचारतातच. आधी सांगितलेलं बरं. पोरी, तू या डब्यानं ती एवढी गाडी ओढणार?"

"ओढणार नाही. नुसता हात देणार. बाकी ती स्वतः येते."

झुवैनानं लँडक्रूझरच्या टायरांमधली हवा आणखी सोडली. फूस्स करत चारही टायर जमिनीवर पसरले, उंटाच्या पावलांसारखे. तिनं दोर बांधला आणि हिलालला बजावलं, की आल्या चाकोरीनं मागे यायचं, पुढे नाही, आणि शौर्य तर अजिबात नाही. एक हिसका, दुसरा हिसका, आणि गाडी वाळूतून अशी सुटली की रऊफ टाळ्या वाजवताना बदकन आपटला. शाहिनाजनं तेही टिपलं.

"झालं," इन्शिराहबाई म्हणाल्या. "मी आता हिच्याबरोबर जाते. रऊफ, तू या हुशार माणसाबरोबर ये. देव तुझं रक्षण करो."

"हाज्जा, पिकअपमध्ये पिंपं आहेत, धूळ आहे..." हिलाल म्हणाला.

"माझ्या नवऱ्याबरोबर संसार केलाय मी. पिंपांचं काय घेऊन बसलास!"

त्या वर चढून बसल्या. झुवैनानं पिकअप सोडली. तिला पाणी लवकर पोचवायचं होतं, म्हणून ती जवळच्या वाटेनं गेली, आणि जवळची वाट टेकड्यांच्या माथ्यावरून होती. पहिल्या चढाला इन्शिराहबाईंनी अल्लाचं नाव घेतलं. माथ्यावर काचेतून नुसतं आभाळ दिसायला लागलं तेव्हा सगळ्या पैगंबरांची घेतली. आणि पिकअपनं पलीकडे नाक खाली घातलं, पोटातलं सगळं गळ्याशी आलं, तेव्हा त्यांच्या तोंडून एक अशी आरोळी निघाली की वाळूत बसलेला एक ससा उठून पळाला. मग त्या हसायला लागल्या. पुढच्या चढाला हसत होत्या, उताराला ओरडत होत्या, मध्येच दोन्ही एकदम करत होत्या.

"पुन्हा!" त्या म्हणाल्या. "ती तिकडची टेकडी राहिली!"

"ती आपल्या वाटेत नाही."

"वाट आहे कुठे इथे? सगळं सारखंच दिसतंय! मी शुब्रात गाडी हाकते, माहितीये? पुढे गाढव, मागे बस, डावीकडे लग्नाची वरात. तिथे मी अशी ओरडले तर लोकांना वाटतं, रस्ता मागतेय!"

झुवैनाही हसत होती. काळ्या मुखपट्टीचा हा एक फायदा, हसू आतल्या आत ठेवता येतं. पण डोळ्यांचं काय करणार? इन्शिराहबाईंनी ते बघितलं.

"ती पांढरी गाडी कुणाची?"

"माझ्या बाबांची होती."

 बाईंनी 'देव त्यांना शांती देवो' म्हटलं, साधेपणानं, आणि पुढे विचारलं, "मग तू का नाही चालवत?"

"काका नको म्हणतात."

"का?"

"मायेनं."

"अरेरे," इन्शिराहबाई म्हणाल्या. "त्यावरचं औषध माझ्या दुकानात नाही."

तळावर थानीकाका खजुराच्या झावळ्यांच्या मांडवाखाली उभे होते. डोक्यावरचा मसर नीट बांधलेला, कमरेला खंजीर, दाढीला अत्तर. पिकअपमधून पाहुणी उतरलेली बघून त्यांच्या भुवया उंचावल्या, पण त्यांनी पाहुणीला काही विचारलं नाही, आणि झुवैनाला तर त्याहून नाही. मागून गाडी आली. हिलालच्या कानांकडे बघून त्यांना सगळं कळलं.  तरी आतल्या गालिचाकडे हात करून म्हणाले, "या, या, तळ तुमचाच."

गालिचावर मत्तरबाबा आधीच येऊन बसले होते. हे शेजारच्या तळावरचे म्हातारे. कुठेही कहव्याची चूल पेटली की धुराच्या आधी पोचत.

कहवा ओतायचं काम घरातल्या धाकट्याचं, म्हणून हिलाल डाव्या हातात दल्ला, म्हणजे कहव्याची चोचदार किटली, आणि उजव्या हातात बिनकानाच्या इवल्या पेल्या घेऊन उभा राहिला. वेलदोड्याचा वास सुटला. पहिली पेली रऊफला मिळाली. कहवा कडू, साखर नाही. पण संस्कारी मुलगा, त्यानं डोळे मिटून घोट घेतला आणि रिकामी पेली पुढे केली. हिलालनं ती भरली. रऊफनं ती पुन्हा रिकामी केली, पुन्हा पुढे केली. पुन्हा भरली.

"शुक्रन, पुरे," रऊफ म्हणाला.

"घ्या, घ्या," काका म्हणाले. पाहुणा संकोचानं 'पुरे' म्हणतोच. खरंच पुरे झालं असतं तर त्यानं पेली मनगटातून हलवली असती.

रऊफ पीत राहिला. मत्तरबाबांनी कौतुकानं मान हलवली. "शहरातला दिसतो, पण पितो आमच्यासारखा."

या सगळ्या गोष्टी पाहुण्यांना आधी सांगायच्या असतात. बाबा गावाच्या कडेला टायरांची हवा सोडत असताना सांगायचे. हवेची फुसफुस आणि त्यांचं बोलणं एकदमच चाले: "आता काय काय होईल ते ऐका. पोटात खड्डा पडेल, तो पडू द्या. ओरडावंसं वाटलं तर ओरडा. वाळूला कान नाहीत. वाळू तुमच्या चपलांत, खिशांत, दाढीत आणि भातात जाईल. कहवा हवा तेवढा मिळेल. पुरे झाला की पेली हलवा. आणि काहीही करा, पण भरलेली पेली खाली ठेवू नका, नाही तर माझा भाऊ तुम्हाला उंट देऊन बसेल." लोक हसत. त्यांना ती गंमत वाटे. हिलाल आज हे सांगायला विसरला होता. किंवा त्याला वाटलं असेल, अरबीच तर बोलतात, यांना काय सांगायचं? पण कैरोचं पाणी वेगळं. तिथे लोक कपबशी टेबलावर ठेवतात, गप्पा मारतात, निवला की पितात.

इन्शिराहबाईंनी पेली हातात घेतली, वास घेतला, "वा!" म्हणाल्या, आणि तशीच भरलेली समोर गालिचावर ठेवून दिली.

हिलालच्या हातातला दल्ला हवेतच थांबला. मत्तरबाबांची जपमाळ थांबली. काका सरळ होऊन बसले.

"थानी," मत्तरबाबा दबक्या आवाजात म्हणाले. त्यांचा दबका आवाज पलीकडच्या उंटांनाही ऐकू जाई. "पाहुणीची पेली जमिनीवर आहे."

"दिसतंय मला."

"तिला काहीतरी मागायचंय."

"मत्तरबाबा, मला रीत माहीत आहे."

झुवैना बायकांच्या बाजूला, इन्शिराहबाईंच्या शेजारीच बसली होती. बाई खाली वाकून बुटाशी झटापट करत होत्या. आजूबाजूला काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

"मला वाटतं, मुलीला मागणी आहे," मत्तरबाबा पुढे म्हणाले. "बघ ना, मुद्दाम पिकअपमधून आली. वाटेत मुलगी पारखून घेतली. शहाणी बाई."

"मुलाचं लग्न झालंय तिच्या! सून समोर बसलीये!"

"मग काय झालं? शरियतनं चार सांगितल्यात."

काकांनी रऊफकडे बघितलं. रऊफनं त्याच वेळी आणखी एक पेली पुढे केली. त्याचे डोळे पाणावले होते आणि त्याच्या बुटांतून वाळूची बारीक धार गालिचावर पडत होती. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण ते बिदियाचे होते. पाहुणा घरी येऊन पेली खाली ठेवतो आणि यजमान तिकडे बघत नाही, असं त्यांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं.

"रऊफच्या आई," ते घसा खाकरून म्हणाले, "तुमच्या मनात काय आहे?"

"मनात काही नाही हो," इन्शिराहबाई खाली वाकूनच म्हणाल्या. "जे आहे ते बुटात आहे."

"लाजतेय," मत्तरबाबांनी निर्वाळा दिला. "थानी, तू शब्द दे. शब्द दिल्याशिवाय ती बोलायची नाही."

काकांनी डोळे मिटले. छातीवर हात ठेवला. आणि त्यांच्या बापजाद्यांनी म्हटलं होतं तसंच म्हटलं, "कहवा घ्या, बाईसाहेब. जे हवंय ते मिळालं समजा."

 झुवैनानं बाईंकडे बघितलं.

बाईंचा कान तिच्यापासून हातभर अंतरावर होता. पुढे वाकून दोन शब्द सांगितले की झालं. 'गाडी मला मागा.' काकांनी शब्द दिला होता, तोही मत्तरबाबांच्या देखत. म्हणजे उद्या सकाळपर्यंत तो सूर शहरापर्यंत पोचणार. लोक काय म्हणतील हा प्रश्नच उरला नसता. लोकांनीच काकांना तो शब्द पाळायला लावला असता. झुवैना थोडी वाकलीही.

मग तिला बाबांची आठवण आली. ते पाहुण्यांना हवा सोडतानाच सगळं सांगून टाकायचे, ते सांगणं पाहुण्यांसाठी जेवढं तेवढंच या भावासाठीही असायचं. थानी भोळा, कुणीही फसवेल, म्हणायचे.

"काका," ती मोठ्यानं म्हणाली, "यांना आपली रीत माहीत नाही. बुटात वाळू गेली म्हणून पेली ठेवली. त्यांना काही मागायचं नाहीये."

काकांच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की दाढी हलली. मत्तरबाबा हिरमुसले. झुवैनानं मान खाली घातली आणि गालिचावरची नक्षी बघत राहिली. झालं, गेली गाडी. स्वतःच्या तोंडानं घालवली.

"थांबा, थांबा," इन्शिराहबाई एका हातात बूट घेऊन सरळ झाल्या. "कसली रीत?"

मत्तरबाबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. पेली खाली ठेवायचा अर्थ, हलवायचा अर्थ, त्यांच्या आजोबांनी अशीच पेली ठेवून विहीर मागितली होती ती गोष्ट.

"हलवायची?" रऊफ किंचाळला. "नुसती हलवायची? शाहिनाज, माझं काळीज कानात वाजतंय, ऐकू येतंय का तुला?"

"मला सगळ्या तळाचं ऐकू येतंय," शाहिनाज म्हणाली. तिच्या गालांवरून हसण्याचं पाणी वाहत होतं. "आणि त्यांना वाटलं मी सवतीबरोबर परत जाणार!"

इन्शिराहबाई मात्र गंभीर झाल्या होत्या. त्यांनी बूट खाली ठेवला. पेली होती तिथेच राहू दिली.

"म्हणजे मी मागेन ते मिळेल?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाईसाहेब," काका घाईनं म्हणाले. "अजाणतेपणी ठेवलेली पेली..."

"पण तुम्ही तर जाणतेपणी बोललात."

"शब्द तो शब्द," मत्तरबाबा म्हणाले. ते पुन्हा खुलले होते.

इन्शिराहबाईंनी झुवैनाकडे बघितलं. झुवैनानं हळूच मान हलवली: नको. काकांनीही ते बघितलं. आता ही काय मागणार हे त्यांना कळून चुकलं होतं, आणि नकार द्यायला वाट नव्हती. ते उंटासारखे मान ताठ करून वाट बघत राहिले.

"मला," इन्शिराहबाई म्हणाल्या, "ती पांढरी गाडी चालवायचीय."

"कुणी?" काका.

"मी. त्या समोरच्या मोठ्या टेकडीवरून. आत्ता, उजेड आहे तोवर."

"आई!" रऊफ उठून उभा राहिला. "तुला शुब्रात गाडी मागे घेता येत नाही!"

"इथे मागे घ्यायचंय कुणाला?"

झुवैनाला आधी काहीच कळेना. मग तिच्या पोटातून हसू असं उसळलं की मुखपट्टी धरून ठेवावी लागली. एवढी हातची संधी आणि बाईनं स्वतःची हौस मागितली! आणि का मागू नये? तिचा हक्क होता. इन्शिराहबाईंनी पेली उचलून एका घोटात संपवली, तोंड वाकडं केलं, आणि मनगटातून ती अशी हलवली की जणू जन्मभर हलवत आल्या असाव्यात.

आता शेजारी कोण बसणार? काकांनी हिलालकडे बघितलं. हिलालनं कमरेवर हात ठेवला.

"बाबा, दुपारपासून माझ्या पाठीत..."

"तुझ्या पाठीत काय आहे ते कळलं मला." काकांनी दाढीवरून हात फिरवला. परक्या बाईच्या शेजारी स्वतः बसणं त्यांना बरं दिसेना. "झुवैना, तू बस. मी मागे बसतो. पाहुणीला काही झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

शाहिनाज धावत जाऊन त्यांच्या शेजारी बसली. रऊफ हिलालबरोबर मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला. इन्शिराहबाई स्टिअरिंगमागे चढल्या. पाय पोचेनात. त्यांनी खालची कडी ओढली आणि सीट कर्रकर्र करत पुढे आली. हिलाल बाबांच्या उंचीचा, म्हणून ती सीट बाबांनी सोडली होती तिथेच अजून होती. झुवैनानं खिडकीबाहेर बघितलं. मग पट्टा लावला.

"ऐका," ती म्हणाली, "सुरुवातीला धीर, मग जोर. चढावर विचार करायचा नाही. विचार काय तो खाली करून घ्यायचा."

मागच्या सीटवर काकांचा दाढीवरचा हात एकदम थांबला. ते वाक्य या गाडीत कुणाचं होतं, हे थानीकाकांना सांगावं लागलं नाही.

इन्शिराहबाईंनी विचार केला आणि गॅस दाबला. गाडी उधळली. तळाच्या बकऱ्या चारी दिशांना पांगल्या. काकांची पाठ सीटवर आदळली.

"जोर आत्ता नको! आत्ता धीर!"

"उलटं सांगितलंस का?"

"नाही, तुम्ही उलटं ऐकलंत! आता दाबा! आता! पाय काढू नका, काढू नका!"

गाडी चढाला लागली. समोर आभाळ, नुसतं केशरी आभाळ. शाहिनाज किंचाळत होती, इन्शिराहबाई गात होत्या की प्रार्थना करत होत्या ते कळत नव्हतं. मागून एक खोल, घोगरा "याऽऽ" असा सूर येत होता. तो काकांचा होता. गाडी माथ्यावर आली, पलीकडे नाक झुकलं, आणि खाली एवढी खोल घसरण दिसली की इन्शिराहबाईंनी हात-पाय दोन्ही वर घेतले.

"मेले!" त्या म्हणाल्या.

स्टिअरिंग मोकळं सुटलं. गाडीचं शेपूट हळूहळू डावीकडे वळायला लागलं. वाळूच्या उतारावर गाडी आडवी झाली की पुढची पायरी उलटण्याची. थानीकाकांना हे माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच झुवैनाचा हात स्टिअरिंगवर होता.

तिनं स्टिअरिंग उताराच्या दिशेनं सरळ केलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "खाली बघा. पाय खाली. गॅस द्या."

"खाली जायचंय आणि गॅस देऊ?"

"हो. आत्ता."

आवाजात असं काहीतरी होतं की बाईंनी दिला. शेपूट सरळ झालं. गाडी वाळूच्या लोंढ्यासकट, पाण्यावरून जावी तशी, सरसरत खाली आली आणि तळाशी पोचून जराशी डोलली. इंजिन बंद पडलं.

 वाळू अजून मागून खाली ओघळत होती, तिचा बारीक गुंजारव ऐकू येत होता.

मग मागच्या सीटवर काहीतरी हललं. झुवैनानं वळून बघितलं. काकांचा मसर सुटून गळ्यात आला होता. ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. मग आवाज करत. मग सीटवर हात आपटत. त्यांना असं हसताना तिनं उन्हाळ्यापासून पाहिलं नव्हतं. ते हसत राहिले, डोळे पुसत राहिले, आणि त्या पुसण्यात थोडा वेळ हसणं नव्हतं. तेवढा वेळ शाहिनाजनंही फोन खाली ठेवला.

"सैफ असाच म्हणायचा," शेवटी ते म्हणाले. "'आत्ता' असंच म्हणायचा. ओरडायचा नाही कधी."

"मी उलटवली असती का?" इन्शिराहबाईंनी विचारलं.

"उलटवलीच होती तुम्ही," काका म्हणाले. "हिनं सरळ केली."

"तुमच्या मुलानं केली असती?"

"तो अजून फावडं शोधत बसला असता." काकांनी मसर उलगडून मांडीवर घेतला आणि पुन्हा बांधायला लागले. बांधता बांधता, झुवैनाकडे न बघता म्हणाले, "उद्या निझवाहून एक कुटुंब येतंय. पोरंबाळं आहेत. पोरांना घेऊन जायचं म्हणजे भरवशाचा हात हवा."

झुवैना सीटवर मागे वळून बसली.

"हिलाल कहवा चांगला ओततो," काका पुढे म्हणाले. "आज मी बघितलं. पाहुण्याचा जीव जाईपर्यंत ओततो. तो तेच करेल."

"लोक काय म्हणतील, काका?"

"म्हणतील, थानीनं भावाची पोर राबायला लावली." मसराचं शेवटचं टोक त्यांनी खोचलं. "त्यांना म्हणावं, येऊन एकदा बसा मागे. मग बोला."

इन्शिराहबाईंनी दार उघडलं आणि कुणी काही म्हणायच्या आत खाली उतरल्या. "चल, हो इकडे. माझे गुडघे आता आठवडाभर कापणार आहेत. सूर्य बघायचा राहिला ना अजून? त्याचे पैसे भरलेत आम्ही."

झुवैना गाडीला वळसा घालून आली. पायाखालची वाळू अजून गरम होती. ती स्टिअरिंगमागे बसली. सीट तिच्या बेताची नव्हती. बाईंनी जरा जास्तच पुढे घेतली होती. तिनं ती थोडी मागे घेतली, आपल्या पायांना हवी तेवढी, आणि कडी सोडली. इंजिन पहिल्याच फिरकीला लागलं.

"धीरानं घे," काका म्हणाले.

"नको हो!" शाहिनाज मागून ओरडली.

झुवैनानं धीरानं घेतलं, अर्ध्या चढापर्यंत. मग पाय दाबला. तळाकडून रऊफच्या हाका ऐकू येत होत्या, आई सुखरूप आहे का असं तो विचारत होता, आणि त्याला उत्तर द्यायला गाडीत कुणालाच वेळ नव्हता.